महापालिकेच्या केसेसची वकिली कशी सुरू करायची: आधी नस्ती वाचायला शिका

सनद हातात आली की बहुतेक पोरं क्रिमिनल नाहीतर फॅमिलीकडे वळतात, ज्यांना जमतं ती कॉर्पोरेटकडे, आणि महापालिकेची मॅटर्स म्हटलं की घरपट्टी-पाणीपट्टीचं काहीतरी कंटाळवाणं काम असा समज असतो. असू दे समज, आपल्याला गर्दी कमी. महाराष्ट्रात आता २९ महापालिका आहेत, शिवाय नगरपालिका आणि नगरपंचायती वेगळ्याच, आणि यातली प्रत्येक रोज कुणाला ना कुणाला नोटीस काढते, कुणाचा प्लॅन अडवते, कुणाचं टेंडर रद्द करते, कुठल्यातरी कर्मचाऱ्याला सस्पेंड करते. म्हणजे काम येत राहणार, प्रश्न एवढाच की ते तुमच्याकडे का यावं.

सुरुवातीचं पटकन सांगतो. एलएलबी तीन वर्षांचं असो की पाच वर्षांचं, या फील्डमध्ये कोणी विचारत नाही. एनरोलमेंटची, म्हणजे बार कौन्सिलकडे वकील म्हणून नाव नोंदवायची फी सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये जनरलला ७५० आणि एससी-एसटीला १२५ रुपयांवर आणून ठेवली, त्यामुळे त्याच्या वर कोणी मागत असेल तर पावती आणि कारण दोन्ही मागा. ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हावी लागते. जमलं तर अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचा एखादा डिप्लोमा करा, ही संस्था १९२६ पासून पालिकांच्या लोकांना ट्रेनिंग देते, आणि खरा फायदा डिप्लोमाचा नाही तर शेजारच्या बाकावर बसलेल्या पालिकेच्या क्लार्कचा आणि इन्स्पेक्टरचा असतो. ऑफिस आतून कसं चालतं हे तो चहा पिता पिता सांगतो, ते लॉ कॉलेजात कुठेच मिळत नाही.

आता कायदे. इथे नवीन माणूस पहिल्याच दिवशी गोंधळतो, कारण 'महापालिका कायदा' असा एकच कायदा नाहीये. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा. बाकी महापालिकांना १९४९ चा, जुने वकील त्याला अजून बीपीएमसीच (बॉम्बे प्रोव्हिन्शियल म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स अ‍ॅक्ट) म्हणतात, नाव बदलून कितीतरी वर्षं झाली तरी. नगरपालिका, नगरपंचायतींना १९६५ चा. आणि बांधकाम, आरक्षण, डीपी (शहराचा विकास आराखडा) आलं की तिथे एमआरटीपी १९६६, म्हणजे राज्याचा नगररचना कायदा. त्यामुळे एकच पत्र्याची शेड मुंबईत असेल तर कलम ३५१ ची नोटीस येते, पुण्यात असेल तर २६० ची, आणि दोन्हीकडे एमआरटीपीचं ५३ सुद्धा लागू शकतं. क्लायंट फोनवर 'नोटीस आलीय' म्हणाला की पहिला प्रश्न शहर कुठलं, दुसरा प्रश्न कलम कुठलं, आणि हे दोन कळल्याशिवाय 'काही काळजी करू नका' म्हणायचं नाही. बांधकामाचे नियम मुंबईत डीसीपीआर २०३४, आणि बाकी राज्यात बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२० पासून युडीसीपीआर, तेही रोज लागतं.

घटनेचा भाग म्हणजे पालिकांबद्दलची ७४ वी दुरुस्ती, १ जून १९९३ पासून लागू झालेली, बाराव्या अनुसूचीतले १८ विषय वगैरे. तो परीक्षेला जेवढा वाचला तेवढा रोजच्या कामात लागत नाही, पण निवडणुका आल्या की अचानक लागतो. त्यावर खाली बोलतो.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. या प्रॅक्टिसमध्ये केस कोर्टात कमी आणि नस्तीत जास्त ठरते. नस्ती म्हणजे ती लाल दोऱ्याची फाइल, डावीकडे टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार, कनिष्ठ अभियंत्याने लिहिलेलं, उपअभियंत्याने 'सादर' म्हणून वर पाठवलेलं, आणि शेवटी कुणीतरी 'मान्य' लिहून सही केलेलं. प्रशासकीय कायद्याची जेवढी मोठी तत्त्वं आहेत, नैसर्गिक न्याय, मनमानीपणा, अधिकारक्षेत्र, हेतू, ती सगळी प्रत्यक्षात या टिपणीतल्या चार ओळींत सापडतात किंवा सापडत नाहीत. ज्याला नस्ती वाचता येते त्याला अर्ग्युमेंट शोधत बसावं लागत नाही.

उदाहरण म्हणून एक नेहमीची २६० ची नोटीस घ्या. एक पानाची असते, बरीचशी छापील, मोकळ्या जागा पेनने भरलेल्या. वरून खाली असं वाचायचं. आधी जावक क्रमांक आणि तारीख, कारण तारीख एक आणि प्रत्यक्ष चिकटवली दुसऱ्याच दिवशी असं सर्रास होतं, त्यामुळे दारावर लावली असेल तर फोटो काढून ठेवायला सांगा, मोबाइलमधल्या फोटोला तारीख-वेळ असते. मग नाव. 'श्री. अमुक किंवा मालक किंवा भोगवटादार' असं मोघम लिहिलेलं असेल तर टॅक्सच्या बिलावर कुणाचं नाव आहे ते बघा, पालिकेला स्वतःच्या रेकॉर्डमध्ये मालक माहीत असताना मोघम नोटीस का. मग बांधकामाचं वर्णन: लांबी, रुंदी, विटांचं की पत्र्याचं, कुठल्या मजल्यावर. हे माप आणि पंचनाम्यातलं माप जुळतंय का? पंचनाम्यावर पंच कोण आहेत, बाहेरचे की पालिकेचेच दोन बिगारी? मग उत्तराला किती मुदत दिलीय. आणि सगळ्यात खाली सही. २६० चा अधिकार मुळात आयुक्तांचा, खाली सही असते प्रभाग अधिकाऱ्याची किंवा सहायक आयुक्ताची, म्हणजे कलम ६९ खाली आयुक्तांनी अधिकार दिल्याचा आदेश असायला पाहिजे, आणि तो त्या पदाला, त्या कलमासाठी, त्या तारखेला लागू असायला पाहिजे. बऱ्याचदा असतोच, पण मागितल्याशिवाय कळत नाही, म्हणून दरवेळी मागायचा.

नोटिशीचं उत्तर दिल्यावर पालिकेने ऑर्डर काढली का, आणि त्यात तुमच्या उत्तरातल्या मुद्द्यांवर काही लिहिलंय का, हे पुढचं. 'आपला खुलासा समाधानकारक नाही' एवढ्या एका वाक्यावर बांधकाम पाडायला निघालेले असतील तर तुमच्याकडे चांगला मुद्दा आहे. इथे सुप्रीम कोर्टाचं १९७८ चं मोहिंदर सिंग गिल जजमेंट कामाला येतं: ऑर्डर ज्या कारणांवर काढली त्याच कारणांवर ती टिकली पाहिजे, नंतर कोर्टात अ‍ॅफिडेव्हिट घालून नवीन कारणं जोडता येत नाहीत. महापालिकेच्या प्रॅक्टिसमध्ये एकच जजमेंट पाठ करायचं असेल तर मी हे सांगेन.

पाडापाडीबद्दल अजून एक. सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर २०२४ ला देशभरासाठी निर्देश दिलेत. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस किंवा स्थानिक कायद्यातली मुदत, जी जास्त असेल ती, मग म्हणणं ऐकायचं, कारणांसकट ऑर्डर काढायची, ऑर्डरनंतर पुन्हा १५ दिवस थांबायचं, पाडताना व्हिडिओ काढायचा, आणि हे मोडलं तर अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून भरपाई द्यावी लागू शकते. पण क्लायंटला अर्धंच सांगू नका: रस्ता, फूटपाथ, रेल्वेलाइनच्या लगत, नदी-तलावात असलेल्या अनधिकृत बांधकामाला आणि जिथे कोर्टाचीच पाडायची ऑर्डर आहे तिथे हे लागू नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये हा भाग कधीच नसतो. आणि बांधकाम खरंच परवानगीशिवाय असेल तर प्रोसिजरच्या चुकीवर मिळतो तो वेळ, कायमचं संरक्षण नाही, त्या वेळात नियमात बसत असेल तर आर्किटेक्टला घेऊन नियमित करण्याचा अर्ज टाकायचा असतो. एमआरटीपी ५३ च्या नोटिशीत तर बांधकाम राखून ठेवण्यासाठी ४४ खाली अर्ज करायची सोय कायद्यातच आहे.

रेमेडी निवडणं हा दुसरा भाग, इथे ज्युनियर सगळ्यात जास्त अडखळतात. सगळं उचलून रिटमध्ये, म्हणजे घटनेच्या कलम २२६ खाली थेट हायकोर्टात, टाकायची सवय लागते कारण २२६ लिहायला भारी वाटतं. आधी कायद्यातच अपील आहे का बघा. डेव्हलपमेंट परमिशन नाकारली तर एमआरटीपी ४७ चं अपील आहे, ४० दिवसांत. घरपट्टीच्या आकारणीविरुद्ध अपील आहे, पण टॅक्सची रक्कम आधी भरावी लागते, हे क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगायचं, नंतर सांगितलं की तो तुमच्यावर चिडतो. हायकोर्ट पहिल्यांदा हेच विचारणार की पर्यायी मार्ग असताना इथे का आलात, त्यावेळी सुप्रीम कोर्टाचं १९९८ चं व्हर्लपूल जजमेंट काढायचं: मूलभूत हक्काचा प्रश्न, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारच नसताना काढलेली ऑर्डर किंवा कायद्यालाच आव्हान, यातलं काहीतरी एक तुमच्या पिटिशनमध्ये तारखेसकट दिसलं पाहिजे, नुसतं 'मनमानी आणि बेकायदेशीर' लिहून भागत नाही. दिवाणी दाव्याकडे जायचं असेल तर एमआरटीपीचं कलम १४९ आडवं येतं का तपासा. आणि महापालिकेवर दावा लावायचा तर एक महिन्याची आगाऊ नोटीस लागते, १९४९ च्या कायद्यात ४८७, मुंबईत ५२७, दावा सहा महिन्यांच्या आत. सरकारला पार्टी केलं तर सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) कलम ८० ची दोन महिन्यांची वेगळी.

हायकोर्ट म्हणजे मुंबईच असं आता राहिलं नाही. नागपूर आणि औरंगाबाद खंडपीठं होतीच, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, त्यात कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग येतात. या जिल्ह्यांतल्या नवीन वकिलांना माझा सल्ला, मुंबईला जायचा विचार करण्याआधी इथेच एखाद्या रिट करणाऱ्या सीनियरकडे बसा, इचलकरंजी, सांगली, सोलापूरची मॅटर्स आता इथेच चालणार आहेत.

कामाचे प्रकार सगळे सांगत बसत नाही, दोन-तीन जरा सविस्तर. आरक्षणाची मॅटर्स माझ्या मते सगळ्यात समाधान देणारी. डीपीत कुणाच्या जमिनीवर शाळा किंवा बागेचं आरक्षण पडतं आणि दहा वर्षं काहीच होत नाही, ना पैसे मिळत ना बांधता येत. मग एमआरटीपीच्या कलम १२७ ची परचेस नोटीस, म्हणजे जमीन विकत घ्या अशी नोटीस द्यायची, २०१५ च्या दुरुस्तीनंतर पालिकेला २४ महिने मिळतात, तेवढ्यात संपादन झालं नाही किंवा त्यासाठीची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द झालं असं धरलं जातं. 'पावलं' म्हणजे काय यावरच २००७ चं गिरनार ट्रेडर्स आहे, नुसता ठराव करून जिल्हाधिकाऱ्याला प्रस्ताव पाठवला म्हणजे पावलं उचलली असं होत नाही. इथे नोटिशीसोबत मालकीचे कागद पूर्ण लावणं हेच निम्मं काम, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणी नकाशा, डीपीचा पार्ट प्लॅन, सगळे वारस सहीला. एक बहीण राहिली की पालिका तिथेच धरते. या मॅटरमध्ये क्लायंट हमखास म्हणतो की साहेब फी आत्ता नको, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क) मिळाला की त्यात तुमचा टक्का. बार कौन्सिलच्या नियमात निकालावर अवलंबून फी ठरवायला बंदी आहे, गोड बोलून नाही म्हणा.

टेंडरच्या केसमध्ये पैसा बरा असतो पण जिंकायचं प्रमाण फार नाही, हे आधीच मान्य करा. १९९४ च्या टाटा सेल्युलरपासून कोर्टाची भूमिका ठरलेली आहे, निर्णय बरोबर की चूक हे कोर्ट बघत नाही, निर्णय कसा घेतला ते बघतं. त्यामुळे 'आमचा रेट कमी होता' यावर फार काही होत नाही, पण अट एकाला शिथिल केली आणि दुसऱ्याला लावली हे नस्तीत दिसलं तर होतं. आणि वेळ. वर्कऑर्डर निघून खोदकाम सुरू झाल्यावर आलात तर कोर्ट हात लावायला नाखूश असतं.

कर्मचाऱ्यांच्या केसमध्ये फोरम चुकवू नका. राज्य सरकारी कर्मचारी मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) जातो, पण महापालिकेचा सफाई कामगार तिथे जात नाही. वर्षानुवर्षं बदली किंवा रोजंदारीवर ठेवलेला असेल तर १९७१ च्या कामगार कायद्याखाली यूएलपी (अनुचित कामगार प्रथेची तक्रार), चौथ्या अनुसूचीतली नोंद ६, औद्योगिक न्यायालयात.

निवडणुकीचा सीझन आला की फोन वाजायला लागतात, रात्री अकराला उमेदवारी अर्ज बाद झाला म्हणून सगळी गँग ऑफिसात हजर. तिथे घटनेचं कलम २४३-झेडजी आठवायचं, निवडणूक सुरू असताना कोर्ट सहसा मध्ये पडत नाही, निकालानंतर इलेक्शन पिटिशन. आणि तिची मुदत १० दिवस आहे, १९४९ च्या कायद्यातही आणि १९६५ च्या कायद्यातही. उशीर माफ होईल असं गृहीत धरून कुणालाही सांगू नका. आरक्षित जागेवर निवडून आलेल्याचं कास्ट व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) मुदतीत आलं नाही की पद जातं, विरोधक त्या तारखेची वाटच बघत असतात, म्हणून तुमचा क्लायंट निवडून आला तर हार-गुलाल संपायच्या आत त्याला व्हॅलिडिटीची तारीख लिहून द्या.

आता कागद मिळवायचे कसे. माहिती अधिकार हा या प्रॅक्टिसचा खरा पाया आहे. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत, नाही दिलं तर पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. पण अर्ज लिहायची पद्धत असते. 'अमुक बांधकाम अनधिकृत का आहे' असं विचारलं की उत्तर येतं प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. त्याऐवजी 'सर्व्हे नंबर अमुकबाबतच्या नस्तीतील टिपणी भागाच्या आणि पत्रव्यवहाराच्या प्रमाणित प्रती' असं मागायचं, आणि त्याआधी नस्ती प्रत्यक्ष बघायला मागायची. निरीक्षणाला स्वतः जा, ज्युनियर असाल तर तुम्हीच जा, पान क्रमांक बघत जा, मध्येच २३ नंतर थेट २६ आलं तर ते लगेच लेखी नोंदवा. शासन निर्णय सरकारी साइटवर असतात, तिथला सांकेतांक पिटिशनमध्ये टाका, समोरच्या सरकारी वकिलालाही शोधायला सोपं जातं आणि तो मनातल्या मनात तुम्हाला मानतो.

मराठीवर पकड पाहिजे, हे वेगळं सांगायला नको होतं पण इंग्लिश मीडियमवाल्यांसाठी सांगतो. हायकोर्टात बोलायचं इंग्रजीत, नस्ती सगळी मराठीत. 'तूर्तास स्थगित', 'निर्णयार्थ सादर', 'नियमानुसार कार्यवाही व्हावी' यात नेमकं कोण जबाबदारी घेतंय आणि कोण ढकलतंय हे ज्याला वाचता येतं त्याला समोरची टीम आतून काय विचार करतेय ते कळतं. 'नियमानुसार कार्यवाही' लिहिणाऱ्या साहेबाने बहुतेक वेळा काहीच ठरवलेलं नसतं.

पालिकेच्या बाजूने काम करायचं का? किमान काही वर्षं नक्की करा. दोन रस्ते आहेत. विधी अधिकारी म्हणून पगारी नोकरी, किंवा पॅनेलवर, म्हणजे पालिकेच्या केसेस फीवर चालवणाऱ्या बाहेरच्या वकिलांच्या यादीत. फुल टाइम पगारी नोकरी घेतली तर बार कौन्सिलच्या नियम ४९ मुळे प्रॅक्टिस सहसा थांबवावी लागते, त्यामुळे नियुक्तीपत्र नीट वाचून ठरवा. पॅनेलवर आलात तर पहिला अनुभव परिच्छेदनिहाय अभिप्रायाचा. म्हणजे पिटिशनच्या प्रत्येक पॅरावर खात्याने काय म्हणायचंय ते लिहून द्यायचं असतं, आणि ते येतं आदल्या संध्याकाळी, 'पॅरा ४ ते १७ मान्य नाही' एवढंच लिहून. अशा वेळी फोनवर चिडण्यात अर्थ नसतो. अभियंत्याला नस्ती घेऊन समोर बसवा, तारखा क्रमाने काढा, परवानगी कधी, पाहणी कधी, नोटीस कधी, ऑर्डर कधी, आणि त्यावरून अ‍ॅफिडेव्हिट तुम्ही लिहा. नोटीस देताना कुणीतरी चूक केली असेल तर ती लपवून लढण्यापेक्षा नोटीस मागे घेऊन नवीन काढतो असं स्टेटमेंट करायचा सल्ला लेखी द्या. कोर्टात पालिकेच्या वकिलाची पत एकदा गेली की पुढच्या सगळ्या मॅटरमध्ये त्रास होतो. आणि मोठी कारवाई ठरली असेल तर आधी कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय ऑर्डर देऊ नका असा कोर्टातला अर्ज) टाकून ठेवायला सांगा, ९० दिवस चालतं.

पॅनेल आणि खाजगी एकत्र करताना एक रेषा आखून घ्या. ज्या पालिकेचे पॅनेलवर आहात तिच्याविरुद्ध वकीलपत्र नाही, मग तो सख्खा मेव्हणा का असेना. आणि 'सेटिंग करून द्या' म्हणणारे क्लायंट येतीलच, कारण पालिकेच्या वकिलाकडे लोक त्यासाठीही येतात. त्यांना खुर्ची दाखवायची, चहा पाजायचा आणि काम घ्यायचं नाही.

पैशाचं शेवटी. खाजगी क्लायंटची फी टप्प्याटप्प्याने ठरवा, नोटिशीचं उत्तर वेगळं, सुनावणी वेगळी, रिट वेगळी, कारण निम्मी प्रकरणं सुनावणीतच मिटतात आणि मग क्लायंटला वाटतं वकिलाने काहीच केलं नाही. पॅनेलची बिलं उशिरा येतात, खूप उशिरा, बजेट संपलं की एप्रिलपर्यंत थांबा असं सांगतात. म्हणून प्रत्येक तारखेनंतर रोजनाम्याची किंवा ऑर्डरची प्रत लगेच काढायची, महिन्याच्या महिन्याला बिल लावायचं, सोबत वकीलपत्र दिल्याचं पत्र जोडायचं, आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही.